फ्लॅट बघायला जाण्याआधी उपनगराचे आकडे कसे काढायचे, बदलापूरचं उदाहरण घेऊन

माझ्या मावसबहिणीने बदलापूर वेस्टला फ्लॅट घेतला तो एका रविवारी दुपारी साइट बघून. सॅम्पल फ्लॅट छान, गॅलरीतून डोंगर दिसतो, हवा मोकळी, मुंबईत या पैशात काय मिळणार म्हणून तिथल्या तिथे टोकन देऊन आले. पहिल्याच मे महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाले, मेंटेनन्स वाढला, आणि बिल्डरने पाण्याबद्दल जे तोंडी सांगितलं होतं ते कागदावर कुठेच नव्हतं. तेव्हापासून घरात कोणी फ्लॅटचं नाव काढलं की मी आधी लॅपटॉप घेऊन बसते. सरकारी आकडे फुकट मिळतात, दोन संध्याकाळी लागतात फक्त, आणि त्यातून जे कळतं ते साइटवरचा सेल्समन कधीच सांगणार नाही.

सगळ्यात आधी नाव नक्की करा. स्टेशनचं नाव बदलापूर, पण जनगणनेत शोधायचं ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. मालमत्तेच्या नोंदणीत तर अजून वेगळं, तिथे मौजे चालतं, म्हणजे महसुली गावाचं नाव, कुळगाव, कात्रप, शिरगाव, बेलवली, मांजर्ली असं. तेव्हा तुमची बिल्डिंग कुठल्या मौज्यात आणि कुठल्या सर्व्हे नंबरवर आहे ते आधीच विचारून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतं.

आता जनगणनेच्या साइटवरून २०११ च्या दोन फाइल्स डाउनलोड करा. एक पीसीए, म्हणजे माणसांची मोजणी: कुटुंबं किती, माणसं किती, ० ते ६ वयाची मुलं किती, कामाला जाणारे किती. दुसरी घरयादीची, ती मोजणी २०१० मध्येच झाली होती, त्यात घरं कशी आहेत ते येतं. या दोन्ही फाइल्स शहरी भागासाठी वॉर्डनिहाय मिळतात. हो, आकडे जुने आहेत. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, त्यामुळे वॉर्डपर्यंतचं एवढं बारीक चित्र सध्या २०११ चंच. पण जुनं म्हणून टाकून देऊ नका. जुना आकडा हा पाया समजायचा आणि त्याच्या शेजारी आजचा आकडा ठेवायचा, मग मधल्या काळात तिथे किती भार वाढला ते दिसतं. मी हे सगळं करते ते एवढ्यासाठीच.

लोकसंख्या बघताना एक मोठा धोका आहे, हद्दीचा. कल्याण-डोंबिवली महापालिकेचं बघा, २००१ मध्ये ११ लाख ९३ हजार आणि २०११ मध्ये १२ लाख ४७ हजार. नुसतं हे वाचलं तर वाटेल दहा वर्षांत जेमतेम साडेचार टक्के वाढ, म्हणजे शांत, भरलेलं शहर. पण खरं कारण वेगळंच, मधे २००२ मध्ये २७ गावं महापालिकेतून बाहेर काढली होती, मग २०१५ मध्ये ती परत आत घेतली. म्हणजे २००१ ची हद्द वेगळी, २०११ ची वेगळी आणि आजची अजून वेगळी. जिल्ह्याचंही तसंच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, म्हणून २०११ चं 'ठाणे जिल्हा' म्हणजे त्यात वसई, पालघर, जव्हार, मोखाडा सगळं आलं. वॉर्डांची रचना पण नंतर निवडणुकांसाठी बदललीय, आजचा प्रभाग नंबर घेऊन २०११ च्या यादीत शोधत बसाल तर भलताच भाग हाती लागेल. जिल्हा जनगणना पुस्तिकेत शहराचा जुना नकाशा असेल तर त्यावर स्टेशन, नदी, हायवे बघून आपला भाग ओळखायचा.

बदलापूरला २००१ मध्ये ९८ हजारांच्या आसपास लोक होते, २०११ मध्ये १ लाख ७४ हजार. दहा वर्षांत पावणेदोन पट. नळ, गटारं, शाळा, प्लॅटफॉर्म त्याच वेगाने वाढले का, हा प्रश्न मनात ठेवून पुढचे कॉलम वाचायचे.

घरयादीच्या फाइलमध्ये कॉलम खूप असतात, सगळे नका वाचू. मी पाचच बघते. पहिला, पिण्याचं पाणी कुठून येतं आणि कुठे मिळतं. शुद्ध केलेलं नळाचं पाणी घराच्या आवारातच मिळणारी कुटुंबं किती टक्के, ते बघा. शहरी भागात 'जवळ' म्हणजे १०० मीटरच्या आत आणि 'दूर' म्हणजे त्याच्या पुढे असा हिशोब आहे, त्यामुळे 'जवळ' वाचून खूश होऊ नका, तिथेही बाई हंडा घेऊन बाहेर पडतेच. दुसरा, सांडपाणी, बंद गटार, उघडं गटार की काहीच नाही. तिसरा, संडास ड्रेनेज लाइनला जोडलेला की सेप्टिक टँकला. चौथा, खोल्या. जनगणनेत स्वयंपाकघर, बाथरूम, पॅसेज खोली म्हणून धरत नाहीत, म्हणजे आपला वन बीएचके तिथे दोन खोल्यांचं घर. एका खोलीत चार-पाच माणसं राहणारी कुटुंबं जास्त असली तर त्या वॉर्डात चाळी किंवा बैठी वस्ती दाट आहे असं समजायचं, वाईट म्हणून नाही, तर तिथल्या पाणी-गटाराच्या लाइनवर भार जास्त असतो म्हणून. पाचवा, मालकीचं की भाड्याचं.

घराची अवस्था पण विचारलेली असते, चांगलं, राहण्याजोगं की मोडकळीला आलेलं, पण त्यावर मी फार विसंबत नाही, ते बघणाऱ्याच्या नजरेवर असतं.

रिकामी घरं मात्र नक्की बघा. २०११ मध्ये देशभरात साधारण २.४७ कोटी घरं रिकामी होती आणि बृहन्मुंबईत एकट्या ४.८ लाख, त्याच मुंबईत ४१ टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते. म्हणजे रिकामी घरं खूप असली की घरं स्वस्तात मिळतील असं काही नसतं. उपनगरात रिकाम्या फ्लॅट्सचा अर्थ बऱ्याचदा इन्व्हेस्टरने घेऊन ठेवलेले असा असतो, अशा बिल्डिंगमध्ये मेंटेनन्स थकतो आणि जे राहतात त्यांच्यावर लिफ्टचं, पंपाचं बिल पडतं. तक्त्यात 'रिकामं' आणि 'राहतं पण मोजणीच्या वेळी कुलूप' हे वेगळं असतं, ते मिसळू नका.

प्रवासासाठी बी-२८ नावाचा तक्ता आहे, कामावर जायला किती अंतर आणि कशाने, पायी, बस, ट्रेन वगैरे.  पण हा जिल्ह्याचा आकडा आहे, तोही जुन्या अखंड ठाण्याचा, त्यामुळे बदलापूरसाठी तो अंदाजापुरता. त्यापेक्षा टाइमटेबल काढा. बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किमी, तुमच्या ऑफिसच्या वेळेत बदलापूरहून सुटणाऱ्या लोकल किती आणि कर्जत-खोपोलीहून भरून येणाऱ्या किती ते मोजा. कल्याणच्या पुढे कर्जत बाजूला दोनच मार्ग, लोकल आणि पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच रुळांवर. कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग एमयूटीपी ३ए या मुंबईच्या लोकल सुधारणांच्या प्रकल्पात मंजूर आहे, पण मंजुरीच्या भरवशावर घराची किंमत जास्त देऊ नका, आज जी गाडी मिळते तीच धरा.

आता आजचे आकडे. महारेरा, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांची नोंदणी ठेवणारं प्राधिकरण, त्याच्या साइटवर पिनकोड ४२१५०३ किंवा तालुका टाकून चालू प्रोजेक्ट काढा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असं दोन्ही असलं की नोंदणी लागतेच, त्यामुळे बहुतेक सगळे सापडतात. प्रत्येकाची एकूण युनिट्स, बुक झालेली युनिट्स, आधीची आणि वाढवलेली पूर्णत्वाची तारीख, कोर्टकेसेस लिहून घ्या. तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेलेली दिसली तर तिथेच थांबा.

मग तुमच्या रस्त्यावरच्या सगळ्या प्रोजेक्ट्सची युनिट्स एकत्र करा. समजा २०० फ्लॅट, घरी चार माणसं, म्हणजे ८०० माणसं. ड्रेनेज असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष आहे, म्हणजे रोजचं १ लाख ८ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर जवळजवळ अकरा टँकर रोजचे, एवढं जास्तीचं पाणी त्या एका गल्लीला लागणार. हा आकडा घेऊन पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला जा आणि विचारा, नवीन टाकी, नवीन लाइन कुठे मंजूर आहे का. बहिणीसाठी हा हिशोब आधी केला असता तर आम्ही नक्कीच दुसरी गल्ली बघितली असती.

किमतीचा अंदाज घ्यायला दोन गोष्टी. रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले मालमत्तेचे दर, त्याचे नवे दर साधारण १ एप्रिलपासून लागू होतात. आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधला इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन, नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा. 'उर्वरित महाराष्ट्र' निवडून जिल्हा, तालुका, मौजे, वर्ष आणि मिळकत नंबर टाकायचा. त्यात विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ असं सगळं येतं. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली रक्कम, बाजारभाव म्हणजे रेकनरने काढलेली. पाच-सहा दस्त तरी बघा, एकावर जाऊ नका, आणि क्षेत्रफळ कार्पेट (आतलं वापरायचं) आहे की बिल्टअप (भिंती धरून), चौरस मीटर की फूट हे प्रत्येक वेळी तपासा (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट). त्यात लोकांची नावंही असतात, ती उतरवून घ्यायची काही गरज नाही, आपल्याला आकडे पुरे.

भाड्याचे करार पण नोंदवावे लागतात, म्हणून भाडंही तिथेच सापडतं. समजा फ्लॅट ४० लाखांचा आणि भाडं ९ हजार, तर वर्षाचं १ लाख ८ हजार, म्हणजे २.७ टक्के. इतकं कमी असेल तर मी आधी वर्षभर भाड्याने राहून बघा असंच सांगते, त्यात काही कमीपणा नाही.

शेवटी नदी, ही कुठल्याच जनगणनेच्या कॉलममध्ये नाही. उल्हास बदलापूरच्या पश्चिमेला आहे, २६ जुलै २००५ चा पूर जुने लोक अजून सांगतात, आणि २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर प्रवासी बाहेर काढले. म्हणून सर्व्हे नंबर पूररेषेच्या नकाशावर टाकून बघाच. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या एकाची.

एवढं झाल्यावर मग साइटवर जा, पण दोनदा. एकदा मे महिन्यात सकाळी सात वाजता, शेजारच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा टँकर किती दिवसांनी येतो. आणि एकदा जुलैत जोराचा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हा तळमजल्याच्या भिंतींवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आलीय ते बघा आणि फोटो काढून ठेवा.