एडीएक्सएल३४५ भलताच आयडी देतो: क्लॉक पोलॅरिटीचा इलाज

यवतमाळकडच्या जिनिंगमध्ये मोटारीच्या बेअरिंगची थरथर मोजायला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला एडीएक्सएल३४५ हा प्रवेग मोजणारा सेन्सर एसपीआयवर (क्लॉकच्या तालावर डेटा नेणाऱ्या तारांवर) जोडला. सेन्सरचा ओळख क्रमांक, म्हणजे आयडी, हेक्स ई५ यायला हवा, यायचा भलताच. वायर आखूड केल्या, क्लॉक ५ वरून १ मेगाहर्ट्झवर आणला, फरक शून्य. डोकं पार उठलं.

क्लॉक थांबल्यावर हाय राहतो की लो (पोलॅरिटी) आणि डेटा कोणत्या कडेला वाचायचा (फेज), यावरून एसपीआयचे मोड ० ते ३ ठरतात. हा सेन्सर मोड ३ चा, म्हणजे थांबलेला क्लॉक हाय; मोड ० मध्ये तो लो. मोड ० मध्येही वाचन चढत्या कडेलाच होतं, म्हणून घोटाळा पटकन दिसत नाही. डिव्हाइस ट्री (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल) बरोबर होती, पण ड्रायव्हरचं प्रोब (सेन्सर जोडून घेताना चालणारं फंक्शन) मोड ० लिहून ती सेटिंग पुसत होतं.

आधी प्रोबमधली ती ओळ काढा. मग डिव्हाइस ट्रीतल्या सेन्सरच्या नोडमध्ये (नोंदीत) ‘एसपीआय-सीपीओएल’ (पोलॅरिटी) आणि ‘एसपीआय-सीपीएचए’ (फेज) ही नुसती नावं असू द्या. पुढे शून्य लिहिलं तरी ते चालूच धरलं जातं. ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला जोडायचा तुकडा) आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल पुन्हा कंपाइल करा, रीबूट करा. मोड ड्रायव्हरमध्येच बदलायचा असेल, तर लगेच ‘एसपीआय_सेटअप’ या फंक्शनला कॉल द्या, नाहीतर तो कंट्रोलरपर्यंत पोचत नाही.