जीभ टोचून घ्यायची का? बेडरूमसाठी विचार करत असाल तर आधी हे वाचा

सरळ मुद्द्यावर येते. जीभ टोचली की ओरल सेक्स एकदम भारी होतो असं कुठेतरी वाचून नाहीतर कुणाकडून तरी ऐकून हा किडा तुमच्या डोक्यात शिरला असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्या डोक्यात पण तो तसाच शिरला होता. मी तर करूनही घेतलं, तीन वर्षं ती दांडी तोंडात घेऊन फिरले आणि मग काढून टाकली. म्हणजे मी "करा करा" म्हणणारी पण नाही आणि "शी काय हे" म्हणणारी पण नाही. फक्त ठरवायचं कसं हे मला नंतर कळलं, ते आधी कळलं असतं तर एक दात वाचला असता, म्हणून लिहितेय.

आधी ती वस्तू नक्की करते काय ते बघू. जिभेच्या मधोमध वरून खाली आरपार एक सरळ दांडी, तिला बारबेल म्हणतात, जाडी साधारण १.६ मिलिमीटर, वर एक गोळी आणि खाली एक गोळी. जीभ मऊ, ओली, गरम आणि तिच्यात मध्येच एक कडक गुळगुळीत ठिपका. बस्स, एवढंच आहे ते. काहींना त्या कडक-मऊ फरकाची मजा येते, काहींना गार पाणी पिऊन आल्यावर धातू थंड लागतो त्याची, आणि बऱ्याच जणांना खरं सांगायचं तर "हिच्या जिभेत काहीतरी आहे" ह्या कल्पनेचीच जास्त येते. कल्पनेची मजा पण खरीच असते, तिला कमी लेखू नका, पण नव्याचे नऊ दिवस हे तिला पण लागू आहे.

आता एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. दांडी जिभेच्या टोकाला नसते, टोकापासून साधारण दीड-दोन सेंटीमीटर मागे असते, कारण तिथेच टोचणं त्यातल्या त्यात सेफ. आणि आपण तोंडाने जे काही करतो त्यातलं निम्म्याहून जास्त काम टोक करतं. म्हणजे ती गोळी आपोआप कुठे लागत नाही, मुद्दाम जीभ चपटी करून, पुढे काढून टेकवावी लागते, आणि हे शिकायला वेळ लागतो, पहिले काही वेळा तर आपण जिभेत काठी घालून कवायत करतोय असंच वाटतं. त्यात क्लिटोरिससारख्या नाजूक जागी कडक गोळीचा थेट दाब काही बायकांना अजिबात सहन होत नाही, दुखतं. पुरुषांच्या बाबतीत शिश्नाच्या खालच्या बाजूला हलका स्पर्श काहींना आवडतो, पण जोर वाढला की तोच स्पर्श ओरखडल्यासारखा होतो. आणि ज्याच्या जिभेत ती आहे त्याला स्वतःला? काही विशेष नाही. किस करताना समोरच्याच्या दातावर टक्क वाजते, तो आवाज मला अजून आठवतो, बाहेर कुणाला ऐकू जात नाही पण कवटीत घुमतो.

म्हणून पहिली पायरी म्हणजे सुई नाही, पार्टनरशी बोलणं. पण "मी जीभ टोचली तर तुला आवडेल का" असं विचारू नका, त्याचं उत्तर जगात एकच असतं, "तुला हवं ते कर". त्यातून काही कळत नाही. असं विचारा की तुला नाजूक जागी कडक काही लागलेलं चालतं का, की मऊच बरं वाटतं, थंड आवडतं का, माझे दात चुकून लागतात तेव्हा नक्की कसं वाटतं. मी हे विचारलं नाही. मी सरप्राइज दिलं. दीड वर्षाने एका रात्री आम्ही नुसते गप्पा मारत पडलो होतो तेव्हा तो म्हणाला, "खरं सांगू का, मला ते फारसं कधीच आवडलं नाही, तुला आवडतंय असं वाटलं म्हणून बोललो नाही." मी त्याच्यासाठी केलेलं आणि तो माझ्यासाठी सहन करत होता, दीड वर्ष! हसावं की रडावं कळेना.

दुसरी पायरी फुकट आहे. बर्फाचा छोटा तुकडा घ्या, कडा तोंडात जरा विरघळू द्या म्हणजे टोचणार नाही, आणि मग त्याच्यासकट सुरू करा. कडक आहे, थंड आहे, जिभेवर फिरतोय, सोय तीच फक्त भोक नाही. पार्टनरला दोन-तीनदा करून ह्यात काहीच वेगळं वाटलं नाही किंवा "नुसती जीभच बरी" असं उत्तर आलं तर तुमचा निर्णय झाला, पुढचं वाचायची पण गरज नाही. आवडलं तर? तर बर्फ आहेच की. कित्येकांचं काम तेवढ्यावर भागतं.

तरीही हवंच आहे म्हणता? मग कॅलेंडर बघा. हा भाग जरा गमतीचाच आहे. ज्याच्यासाठी करतोय नेमकं तेच सुरुवातीला बंद. टोचल्यावर पहिले तीन ते पाच दिवस जीभ चांगलीच सुजते, बोलताना "स" आणि "श" घसरतात, गिळायला त्रास होतो, आणि भोक वरवर बरं व्हायला चार ते सहा आठवडे जातात, कुणाला जास्तही. तोपर्यंत किस नाही, ओरल नाही, दुसऱ्याचा चमचा किंवा ग्लास पण नाही. कारण ती उघडी जखम आहे. हर्पिस, गनोरिया, सिफिलिस, एचपीव्ही, हिपॅटायटिस बी ह्या सगळ्यांना आत शिरायला आयता दरवाजा, आणि हे फक्त अनोळखी माणसाबद्दल नाही, घरच्या माणसाच्या ओठावर येणारी साधी पुळी पण नको. "आम्ही दोघंच आहोत, काय होतंय" असं वाटतं, पण तोंडातले जंतू ज्याचे त्याचे वेगळे असतात आणि ताज्या जखमेला ते कुणाचे आहेत ह्याच्याशी देणंघेणं नसतं. बरं झाल्यावर पण कंडोम किंवा डेंटल डॅम (ओरलच्या वेळी मध्ये धरायचा पातळ रबरी पडदा) वापरत असाल तर गोळीला कुठे खरखरीत कड आलीये का ते बोटाने चाचपून बघा, त्याने रबर फाटू शकतं.

दुखतं का, हे सगळ्यात जास्त विचारतात. टोचणं सेकंदभराचं आहे, चुकून जीभ चावल्यावर होतं त्याच्या आसपास, खरा वैताग पुढचा आठवडा असतो. जीभ टोचणं तसं जुनंच आहे म्हणा. मेक्सिकोतल्या याशचिलान इथलं माया लोकांचं एक दगडी शिल्प ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात इ. स. ७०९ चा प्रसंग कोरलाय, राणी आपल्या जिभेतून काटे लावलेली दोरी ओढतेय आणि राजा मशाल धरून उभा आहे. ते देवांना रक्त देण्यासाठी होतं, नवऱ्याला खूश करण्यासाठी नाही. निदान तिला कारण पक्कं माहीत होतं.

आता तब्येत. हृदयाच्या झडपेचा त्रास असेल, जन्मतः हृदयदोष असेल किंवा आधी हृदयाच्या आतल्या अस्तराला इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर नको म्हणजे नको, तोंडातले जंतू रक्तातून थेट तिथे जाऊन बसू शकतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, शुगर ताब्यात नाही, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू आहे, प्रेग्नंट आहात, हिरड्यांतून आधीच रक्त येतंय, तर आधी डॉक्टर. सिगरेट किंवा तंबाखू सुटत नसेल तर जखम भरायला वेळ लागणार हे धरून चाला. दिवसभर फोनवर बोलायची नोकरी किंवा गाणं असेल तर पहिले दोन आठवडे कसे काढणार ते बघा. रक्तदान करत असाल तर पियर्सिंगनंतर काही महिने थांबायला लावतात.

आणि दात. ह्याच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण लोक सूज, पू, इन्फेक्शन ह्याला घाबरतात आणि दाताला विसरतात. सूज आठवड्यात जाते, दात परत येत नाही. तोंडात काहीतरी आहे म्हटल्यावर माणूस त्याच्याशी खेळणारच, मी पण खेळायचे, काम करताना, टीव्ही बघताना, गोळी दाताखाली धरायची, सोडायची, धरायची, सोडायची, कळत पण नाही आपण करतोय ते. दोन वर्षांनी एका दाढेचा कोपरा जेवताना सुटून हातात आला. आपलेच दात आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार! डेंटिस्टने आरसा धरून खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू दाखवली तर तिथली हिरडी खाली सरकून दाताचं मूळ पिवळट दिसायला लागलं होतं. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही, फार झालं तर ऑपरेशनने झाकतात. अमेरिकन डेंटल असोसिएशन तोंडातलं कुठलंही पियर्सिंग नकोच म्हणते ते उगाच नाही, आणि जितकी जास्त वर्षं ठेवाल तितका हा त्रास वाढत जातो.

ठरवायला माझी कसोटी एकच आहे. उद्या हा पार्टनर नसला, किंवा असून त्याला त्यात काही वाटलंच नाही, तरी ही दांडी माझ्या जिभेत मला हवी आहे का? आरशात जीभ बाहेर काढून बघताना मलाच मस्त वाटणार आहे का? उत्तर हो असेल तर घ्या, हौसेला मोल नसतं, आणि बेडरूममध्ये काही जमलंच तर ते बोनस. उत्तर "नाही पण त्याला" किंवा "नाही पण तिला" असं असेल तर सोडून द्या. आणि दोघांमध्ये काहीतरी थंड पडलंय म्हणून करत असाल तर अजिबातच नको, न बोललेलं काय ते धातूच्या गोळीने सुटत नाही, उलट सहा आठवडे जवळ यायचं बंद होऊन आणखी लांब जाल. पार्टनर मागे लागलाय आणि तुम्हाला नको आहे? मग त्याने स्वतःची जीभ टोचावी, बर्फाचा प्रयोग त्याच्यावर पण चालतो.

हो ठरलं असेल तर माणूस बघून जा. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, पण जीभ सोनाराने पण टोचू नये, रोज हेच काम करणारा पियर्सरच हवा. सुई एकदाच वापरायची, पाकीट तुमच्यासमोर फोडायचं, बाकी हत्यारं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमधून काढलेली, हातात नवे ग्लोव्ह्ज. नाहीतर हिपॅटायटिस घरी घेऊन याल. टोचायची गन काढली तर तिथूनच उठून या. चांगला पियर्सर आधी जीभ वर करायला लावून टॉर्चने खालच्या शिरा बघतो आणि खालचा जीभ बांधणारा पडदा किती पुढे आलाय तेही बघतो, प्रत्येकाच्या जिभेची ठेवण वेगळी असते आणि एखाद्याला तो सरळ "तुझ्या जिभेत होणार नाही" म्हणतो. असं म्हणणारा भेटला तर त्याचं ऐका, दुसरा शोधू नका. जिभेच्या टोकाला आडवी दांडी घालतात, स्नेक आइज, ती मागू नका, ती जिभेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांना जखडून टाकते आणि दातांना सरळ समोरून घासते.

दांडी इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाच्या टायटॅनियमची मागा, त्या दर्जाचं नाव एएसटीएम एफ १३६ असं स्पष्ट विचारा, निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर आवर्जून. पहिली दांडी मुद्दाम लांब देतात, सुजलेल्या जिभेला जागा राहावी म्हणून. पण सूज उतरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांत, ती बदलून छोटी घालायची असते, आणि बरेच लोक इथेच आळस करतात. मी पण केला. तीच लांब दांडी दातांवर आपटत राहते.

घरी फार काही करायचं नसतं. बर्फाचे बारीक तुकडे चघळायचे, मिठाच्या कोमट पाण्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशने खाल्ल्यावर गुळण्या, नवीन मऊ ब्रश, डोकं जरा उंचावर ठेवून झोपायचं, दारू बंद. हात स्वच्छ धुऊन रोज गोळ्या घट्ट आहेत का बघायचं, माझी एकदा उशीवर सापडली होती, गिळली गेली नाही हे नशीब. ताप आला, जबड्याखाली किंवा मानेला सूज आली, गिळता येईना, श्वास लागायला लागला, रक्त थांबेना, किंवा गोळी जिभेत रुतायला लागली तर थेट हॉस्पिटल, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. आणि इन्फेक्शन वाटलं म्हणून घाबरून स्वतः दांडी उपसू नका, भोक बंद होऊन पू आतच राहू शकतो, ते डॉक्टरांना ठरवू द्या. व्हायब्रेट होणाऱ्या दांड्या पण मिळतात, त्या जखम पूर्ण भरेपर्यंत तर नाहीच.

नाही आवडलं तर काढता येतं, हे त्यातलं चांगलं. नवीन असेल तर भोक काही तासांत आवळायला लागतं. माझं तीन वर्षांचं होतं तरी आता वर नुसती एक खळगी राहिलीये, जीभ टाळूला लावली की मला जाणवते, बाकी कुणाला कळत नाही.

जायच्या आधी एकदा डेंटिस्टकडे जाऊन हिरड्या दाखवून घ्या, फोटो काढून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी फरक पडलाय का ते कळेल. आणि तारीख अशी धरा की पुढचे सहा आठवडे मोकळे असतील, ट्रिप नाही, लग्नकार्य नाही. अॅनिव्हर्सरीच्या आदल्या आठवड्यात तर नाहीच नाही. मी तेव्हाच केलं होतं, आणि त्या रात्री आम्ही दोघं गार सूप पीत पाहुण्यांसारखे बसलो होतो.