वॉल्ट्झमधली वळणं सफाईदार कशी करावीत

वॉल्ट्झ या तीन ठोक्यांच्या जोडीनाचाची साधी पावलं बसली की नॅचरल टर्न, म्हणजे उजवं वळण, शिकायला घेतात आणि बहुतेक जोड्या तिथेच अडतात. पावलं तोंडपाठ असतात, तरी खांदे ओढले जातात, गुडघ्यावर गुडघा आदळतो, तिसऱ्या ठोक्याला तोल जातो. माझ्या मते याचं मूळ एकच आहे: सगळं वळण एका पावलात उरकण्याची घाई. वळण पावलावर घ्यायचं नसतं, दोन पावलांच्या मधे घ्यायचं असतं. खालचा सराव त्यासाठीच आहे, आणि तो स्लो वॉल्ट्झचा आहे. व्हिएनीज वॉल्ट्झची लय जवळपास दुप्पट, तिकडे नंतर वळा.

आधी जागा बघा. गच्ची नको. नाशिकमध्ये बऱ्याच गच्च्यांवर खरखरीत कोबा असतो. त्यावर पाऊल फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्याला बसतो. सोसायटीचा हॉल मिळाला तर छान, नाहीतर सोफा बाजूला सारून बैठकीची खोली चालेल. पावसाळ्यात फरशी दमट होऊन तळवा चिकटतो, म्हणून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत, आणि गुळगुळीत फरशीवर मोज्यांवरही नाचू नका.

चौकोनी फरशा असतील तर मोजपट्टी आयतीच मिळाली. हॉलभोवती घड्याळाच्या उलट दिशेने जायचं, भिंत उजव्या हाताला ठेवायची. भिंतीला समांतर जाणारी फरशांची रेघ ही तुमची पुढे सरकण्याची दिशा. आता एका फरशीवर खडूने दोन्ही कर्ण आखा. कर्ण म्हणजे बरोबर ४५ अंश, आणि सगळं गणित त्यावरच चालतं.

लीड करणाऱ्याने, म्हणजे जोडीला नेणाऱ्याने, एकट्याने, हात खाली सोडून सुरुवात करावी. तोंड तिरकं भिंतीकडे, दोन्ही पावलं कर्णावर. पहिलं पाऊल उजवं, सरळ पुढे, टाच आधी. पाऊल वळवायचं नाही. फक्त डावी बाजू हलकेच पुढे येऊ द्या. पहिल्या आणि दुसऱ्या पावलाच्या मधे पाव वळण घ्या: डावा पाय बाजूला, चवड्यावर, आणि तो दुसऱ्या कर्णावर पडला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे उरलेलं अष्टमांश वळण, उजवा पाय जवळ. आता पावलं फरशीच्या सरळ रेघेत आणि पाठ पुढच्या दिशेला. कर्ण, दुसरा कर्ण, रेघ. एवढ्यावर थांबा आणि खाली बघून खात्री करा. दुसरं पाऊलच रेघेवर आलं असेल तर घाई झाली, पुन्हा पहिल्यापासून.

फॉलो करणारीचं, म्हणजे त्याच्यामागून जाणाऱ्या जोडीदारणीचं, गणित वेगळं आहे, आणि नवख्यांना नेमकं हेच कोणी नीट सांगत नाही. ती मागे जाते, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला असते. खळ्यात मेढीजवळचा बैल जवळजवळ जागेवर फिरतो आणि कडेचा लांब चालतो, तसंच इथे. तिचं पहिलं पाऊल डावं, मागे आणि आखूड. त्यानंतर तिचा उजवा पाय एकदम सरळ रेघेवर, पुढच्या दिशेकडे बोट करून पडतो. शरीर थोडं मागे राहतं आणि तिसऱ्या पावलावर पुरं वळतं. मागे जाताना पहिल्या पावलावर टाच उचलण्याची घाई करू नये. तिने लांब पाऊल टाकलं तर बाहेरच्याला वळसा पुरत नाही, आणि मग तो हाताने ओढू लागतो. ओढाताण दिसली की दोष हातात शोधू नका, या आखूड पावलात शोधा.

चौथ्या पावलापासून भूमिका बदलतात. आता लीड करणारा डाव्या पायाने मागे जातो, तोच आतला. चौथ्या-पाचव्याच्या मधे त्याचं पाऊल वळून तिरकं हॉलच्या मध्याकडे रोखलं जातं, सहाव्यावर पाय जुळतात.

चढउतार नंतर घाला. पहिल्या पावलाच्या शेवटी उठायला सुरुवात, दुसऱ्या-तिसऱ्यावर अजून वर, आणि तिसऱ्याच्या अगदी शेवटी खाली. दुसऱ्यावरच पूर्ण उंची गाठली तर तिसऱ्याला काही उरत नाही आणि पाय आपटतो. दुसऱ्या-तिसऱ्यावर लीड करणाऱ्याचा किंचित झोक उजवीकडे, पाचव्या-सहाव्यावर डावीकडे. कंबर मोडू नका. झोक घोट्यापासून यायला हवा.

दोघांचं स्वतंत्रपणे जमल्यावर समोरासमोर या, पण फ्रेम, म्हणजे नाचातली हातांची पकड, न धरता, फक्त तळहात तळहाताला टेकवून. बळ लावलं की लगेच कळतं.

संगीताला मला दादरा ताल फार सोयीचा वाटतो. सहा मात्रा, सहा पावलं: समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, लीड करणाऱ्याचं उजवं पाऊल पुढे, चौथ्या मात्रेच्या खालीला डावं मागे. तबल्याचं अ‍ॅप मिनिटाला ६० मात्रांवर लावा आणि हळूहळू ८४ ते ९० पर्यंत न्या. स्लो वॉल्ट्झची खरी लय तीच, मिनिटाला २८ ते ३० बार (एक बार म्हणजे तीन मात्रा).

रिव्हर्स टर्न याचंच डावं रूप: सुरुवात तिरकं मध्याकडे तोंड करून, डाव्या पायाने, शेवट तिरकं भिंतीकडे, झोक आधी डावीकडे. मात्र उजव्यातून थेट डाव्यात जाता येत नाही. सहा पावलांनंतर उजवाच पाय मोकळा असतो, म्हणून मधे तीन पावलांचा क्लोज्ड चेंज घ्या: पुढे, बाजूला, पाय जवळ. तोही वळण न घेता, आखलेल्या कर्णावरच करा.