खाडीकाठच्या कोळंबीत पैसे घालण्यापूर्वी काय तपासावे

बडोद्याच्या दांडिया बाजारात बसून भरूच-सुरतकडच्या कोळंबी प्रकल्पात भागीदारी घेताना आधी जागेचा नकाशा मागा. भरतीरेषेपासून 2 किलोमीटरच्या आत तळी असतील, तर 2005च्या कायद्यानुसार तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते. 2023च्या दुरुस्तीने समुद्रातले पिंजरे आणि शेवाळशेतीही त्यात आली.

पिंजऱ्यांची जागा समुद्रात असेल, तर अंतर आधाररेषेपासून, म्हणजे सागरी हद्द मोजण्यासाठी देशाने ठरवलेल्या रेषेपासून, मोजा. दलाल सोयीने किनाऱ्यापासून मोजतो. 1982च्या सागरी कायदा करारानुसार 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, प्रादेशिक समुद्र असतो. आपल्याकडे तिथली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंत केंद्राशीच बोलावे लागते.

सगळ्यात जास्त घोळ बियाण्यात, म्हणजे तळ्यात सोडायच्या कोळंबीच्या पिल्लांत, होतो. तळ्यात वाढवतात ती व्हेनामी जातीची कोळंबी मूळची पॅसिफिकची. परक्या जातींमुळे समुद्राची हानी होऊ नये, ही जबाबदारी त्याच कराराच्या कलम 196ने देशांवर टाकली आहे. म्हणून नोंदणीकृत हॅचरीचे (पिल्ले तयार करणाऱ्या केंद्राचे) बिल आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या पीसीआर या प्रयोगशाळा चाचणीचा अहवाल, दोन्ही हातात घ्या. स्वस्त, बिनबिलाचे बियाणे आले की रोगही येतो. मग रोगट तळ्याचे पाणी खाडीत सोडले की शेजाऱ्याचे पीकही जाते. असे पाणी आधी क्लोरीनने निर्जंतुक करून, क्लोरीन उतरल्यावरच सोडायचे, हे करारनाम्यात लिहून घ्या.

क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविके वापरणार नाही हेही लिहून घ्या. अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची जबाबदार मत्स्यव्यवसायासाठीची 1995ची आचारसंहिता ऐच्छिक आहे. माहितीपत्रकात तिला ‘परवाना’ म्हटले असेल, तर उठून या.