वरातीमागून येणारं घोडं

आमच्या घरात लग्न ठरलं की सगळे लग्नाच्या आधीची रजा टाकतात. मी नंतरची टाकते. हळदीला, मांडवाला, वरातीला माणसं उदंड असतात. पाहुण्यांची शेवटची गाडी सुटली की घरात उरतात दादा, वहिनी, सुजलेले पाय आणि पोत्यानं नारळ. तिथून पुढे आत्याचं काम सुरू. सांगलीत पतसंस्थेत कॅशवर बसून माझी उमर गेली, त्यामुळे मोजणं आणि लिहून ठेवणं हाडात भिनलंय, आणि लग्नानंतर नेमकं तेच लागतं. परवाच भाच्याचं लग्न झालं, तेव्हा हात गरम आहे तोवर सांगून टाकते.

पहिलं म्हणजे, लगेच घर आवरायला काढू नका. केर काढा, ओटा धुवा, बस्स. कपाटं, माळा, दिवाण यांना हात लावला की दिवस जातो आणि हाताला काही लागत नाही. आधी जे नासणार आहे ते, मग जे दुसऱ्याचं आहे ते, मग ज्याला तारीख आहे ते. आपलं घर सगळ्यात शेवटी. ते कुठं पळून जात नाही.

आणि पहिल्याच सकाळी कुकर लावा. मऊ भात, मेतकूट, साजूक तूप, लिंबाचं लोणचं. पंगतीची बासुंदी-जिलेबी खाऊन सगळ्यांच्या जिभा विटलेल्या असतात. वहिनी म्हणते, "उरलेलं आहे की इतकं, कशाला करतेस?" उरलेलं आहे म्हणूनच करते. मे महिन्यातला मसालेभात दुसऱ्या दिवशी कुणाच्याही पोटात जाता कामा नये. तो कार्यालयातूनच, रात्रीच्या रात्री वाटून संपवायचा असतो. घरी आणायचाच नाही.

टिकाऊ खाऊचं गणित वेगळं. बुंदीच्या लाडवांचा डबा एकाच्या ताब्यात द्या. जो तो ओल्या हातानं डबा उघडतो आणि आठवड्याच्या आत वरच्या थराला बुरशी धरते. फुटलेले लाडू बाजूला काढून गरम दुधात कुस्करा, वेलदोडा घाला, रात्रीची खीर झाली. मऊ पडलेला चिवडा मंद आचेवर पुन्हा परतला की चालतो. रुखवतातल्या करंज्या आणि अनारसे दिसायला देखणे, पण कधी तळलेत ते विचारून घ्या. मांडणीसाठी म्हणून पंधरा दिवस आधी तळलेल्या करंजीतलं खोबरं खवट झालेलं असतं, आणि ते पाहुण्याच्या तोंडात गेल्यावरच कळतं.

आता नारळ. ओटीचे, पूजेचे, मानपानाचे असे इतके जमतात की पाय ठेवायला जागा नाही. सगळे एका पोत्यात कोंबू नका. एकेक कानाशी धरून हलवा. पाणी खळखळतंय आणि डोळे कोरडे आहेत, तो चांगला. त्याची शेंडी तशीच ठेवा, म्हणजे जास्त टिकतो. डोळ्यांपाशी ओल किंवा काळपट दिसली तर आजच फोडा. खवून डब्यात भरून फ्रीजरला टाका, पुढची भाजी-आमटी निघते. उरलेल्यांपैकी बरेचसे मी फोडून वाट्या उन्हात टाकते, कारण आमच्याकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी अजून व्हायची असते आणि तिला सुकं खोबरं लागतं. ऊन कडक असेल तरच हा उद्योग करा. आभाळ भरून आलं आणि वाट्या बुळबुळीत झाल्या की ते खोबरं गेलं.

ओटीच्या धान्याचं काम बसून करायचं. पंख्याखाली वर्तमानपत्र पसरा, पिशव्या उपड्या करा आणि निवडा. गव्हा-तांदळातून सुपाऱ्या निघतात, हळकुंडं, खारका, बदाम, कुंकवानं माखलेली रुपयाची नाणी. परवा एका पिशवीतून जोडव्याचा एक तुकडा निघाला. ज्या मामींचा होता त्या गावभर शोधत होत्या. कुंकू लागलेलं धान्य खायला घेऊ नका. हल्लीच्या कुंकवात कसले रंग असतात कुणास ठाऊक, ते झाडाच्या बुंध्याशी टाका. स्वच्छ तांदूळ धुऊन, वाळवून दळून आणा, धिरडी होतात. अख्ख्या सुपाऱ्या बरणीत भरून ठेवा, श्रावणातल्या पूजांना बाजारात जावं लागणार नाही.

हे उरकलं की दुसऱ्याचं.

दागिने पहिले. वहिनीच्या बहिणीचा तन्मणी, शेजारच्या काकूंच्या पाटल्या, जे उसनं आणलंय ते देणाऱ्याच्या हातातच द्यायचं, "मुलाबरोबर पाठवते" नको. आपलं सोनं लॉकरला टाकताना काय काय ठेवलं त्याची चिठ्ठी करा आणि चिठ्ठी घरी ठेवा, लॉकरात नको.

मग बिछायत आणि भांडी. गाद्या, उशा, सतरंज्या यांचं भाडं दिवसावर चालतं, हे लग्नाच्या धामधुमीत कुणाच्या लक्षात राहत नाही. कोपऱ्यात रचलेल्या गाद्यांवर पोरं लोळत असतात आणि मीटर चालू असतो. बिछायतवाल्याला फोन करून बोलवा आणि त्याच्या माणसासमोर मोजून द्या. भाड्याच्या भांड्यांत पातेली कधी हरवत नाहीत. हरवतात ते डाव, झारे, ओगराळी आणि वाट्या. ते नेमके घरच्या भांड्यांत मिसळलेले असतात, आणि घरचा झारा त्यांच्या पोत्यात गेलेला असतो. म्हणून आधी आपल्या स्वयंपाकघरातलं निवडा, मग त्यांचं मोजा. अनामत रक्कम परत घेताना पावती फाडून टाकू नका, शिल्लक शून्य लिहून सही घ्या. ही माझी पतसंस्थेतली खोड समजा, पण कामाला येते.

शेजारपाजारची भांडी वेगळी ठेवा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत किती शहाणी आहे ते अशा वेळी कळतं. पातेलं उलटं केलं, काठाखालची अक्षरं वाचली, की कुणाचं ते कळलं. ज्यावर नाव नाही ते ओट्यावर मांडून ठेवा, मालकीण आपोआप ओळखते. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे सांगायला नको. डब्यातले लाडू संपायचा मार्गही तोच.

पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंसाठी एक पिशवी दाराच्या खुंटीला अडकवा. चार्जर, चष्मा, एका पायातला बूट, परकर, गोळ्यांची पाकिटं. गोळ्या आणि चष्मा त्याच दिवशी फोन करून कळवा. बाकीचं त्या गावाला जाणाऱ्याबरोबर किंवा एसटीच्या पार्सलनं. चार्जरला मात्र वाली सापडत नाही, तीनजण दावा करतात.

आहेराची वही लांबवू नका, आणि एकट्यानं करू नका. एकानं पाकीट फोडायचं, मोठ्यानं वाचायचं; दुसऱ्यानं लिहायचं. नाव, गाव, रक्कम. वही पूर्ण होऊन बेरीज जुळेपर्यंत रिकामी पाकिटं टाकायची नाहीत, कारण "पाटील, मिरज" या नावाची चार पाकिटं निघतात आणि मग अक्षरावरून ओळखावं लागतं. ही वही पुढची वीस वर्षं लागणार आहे. त्यांच्याकडे कार्य निघेल तेव्हा काय करायचं ते हीच सांगते. वस्तू लिहिताना कुणी काय दिलं तेही टिपा. लेमन सेट आणि भिंतीवरची घड्याळं पुढच्या कार्यात फिरणारच आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त ज्यांनी दिला त्यांच्याच घरी तो सेट परत जाऊ नये.

याच वहीतली एक गोष्ट लोकांना माहीत नसते. लग्नानिमित्त नवरा-नवरीला मिळालेल्या आहेरावर प्राप्तिकर नाही. पण तीच सवलत त्यांच्या आईवडिलांना नाही. कायद्यात धरलेल्या नातेवाइकांखेरीज इतरांकडून आईवडिलांच्या नावे वर्षात 50,000 रुपयांच्या वर आलं, तर ते उत्पन्नात धरलं जातं. तेव्हा मोठे धनादेश कुणाच्या खात्यात भरताय ते बघा.

आता तारखेची कामं. विवाहनोंदणी 90 दिवसांत करायची असते. नंतरही होते, पण उशिराचं जास्तीचं शुल्क बसतं. शहरात महापालिकेच्या कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत. नमुना ड भरावा लागतो, त्यावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते, आणि लग्नपत्रिका जोडावी लागते. इथे दोन ठिकाणी माणसं अडतात. एक, साक्षीदार म्हणून हौसेनं पुण्या-मुंबईचे मामा-काका धरतात, आणि मग सहीसाठी त्यांच्या सवडीची वाट बघत बसतात. गावातलेच तीन धरा. दुसरं, गुरुजी. हंगाम चालू असतो, ते आज इस्लामपूरला तर उद्या विट्याला. दक्षिणा देतानाच अर्ज पुढे करावा. पत्रिका रद्दीत घालण्याआधी चार-पाच वेगळ्या काढून कागदपत्रांच्या फाइलला लावा. बाकीच्या पाठीमागून कोऱ्या असतात, वाण्याच्या याद्यांना वर्षभर पुरतात.

नोकरी करणाऱ्याच्या पीएफचं वारसनाव लग्नानंतर नव्यानं द्यावं लागतं. लग्नाआधी दिलेलं नाव लग्न झालं की आपोआप रद्द ठरतं. बँकेचं मात्र उलट आहे. तिथे जुनं नाव तसंच चालू राहतं, आपण बदलेपर्यंत. माझा भाचा म्हणाला, "आत्या, आत्ताच काय वारसाचं बोलतेस?" म्हटलं, आत्ताच. पुढे आठवत नाही कुणाला.

विजेचं बिल, विम्याचा हप्ता, गॅसचा नंबर हे एका बैठकीत बघून घ्या. आणि दुधाचा वाढवलेला रतीब कमी करा. आमच्याकडे दर लग्नानंतर फ्रीजमध्ये पिशव्या साचतात आणि मग पनीर एके पनीर.

कपड्यांचं एक सांगते. हळदीचे डाग पडलेल्या पांढऱ्या सुती कपड्यांना आधी नुसत्या गार पाण्यातून काढा. साबण लावला की डाग लालभडक होतो आणि बायका घाबरून घासत सुटतात. साबणातला क्षार लागला की हळद रंग बदलते, इतकंच. खळबळलं की पुन्हा पिवळं होतं. मग ओलंच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत फिकट होत जातो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा आमचे डागही जरा मानाचे असतात, एखादं ऊन जास्त लागतं.

रेशमाला यातलं काही करायचं नाही. शालू, पैठणी अंगावरून उतरल्या उतरल्या घडी घालून कपाटात ढकलू नका. घामाची ओल आत राहते. रात्रभर दोरीवर पंख्याखाली, सावलीत. डाग असेल तर ड्रायक्लीनला. नसेल तर जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. डांबरगोळी जरीला टेकली तर जर काळी पडते, म्हणून ती कपाटाच्या कोपऱ्यात पुरचुंडीत. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून उलटी घाला.

चादरी-अभ्रे सगळे एकदम भिजवू नका. रोज एक मशीन, बस्स. कामवाल्या मावशींना लग्नाची साडी दिली असेलच. पण साडीपेक्षा दोन दिवसांची भरपगारी सुट्टी द्या. लग्नात त्यांच्याइतकं कुणीच राबलेलं नसतं.

नवी सून जेजुरीहून, तुळजापूरहून परत यायच्या आत तिच्यासाठी एक कपाट पूर्ण रिकामं करा. अर्धं नाही, पूर्ण. लग्नघरात सगळ्यांच्या साड्या-पिशव्या नेमक्या त्याच कपाटात कोंबलेल्या असतात, आणि ती बिचारी महिनाभर बॅगेतून कपडे काढत राहते. न्हाणीघरात तिच्यासाठी एक खुंटी मोकळी ठेवा. एवढं झालं तरी तिचं बरंचसं बस्तान बसतं.

मेमधल्या लग्नाचं खरं दुखणं म्हणजे वाळवण. इतरांच्या गच्चीवर कुरडया वाळून डब्यात गेलेल्या असतात आणि आपण मांडव सोडत असतो. मृग लागायला, म्हणजे 7 जूनच्या आसपास, थोडेच दिवस उरतात, मध्येच वळीव येऊन जातो. अशा वर्षी कुरडयांचा नाद सोडा. गहू भिजवा, रोज पाणी बदला, चीक काढा, एवढा जीव कुणाच्यात नसतो. साबुदाण्याच्या पापड्या घाला, एका उन्हात निम्म्या वाळतात. चटणी मात्र सोडायची नाही. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणून उन्हात टाका, नारळाचं वाळलेलं खोबरं आहेच, कांडपावर नंबर लावा. वर्षभर विकतची चटणी खाण्यापेक्षा हे दोन दिवस परवडले.

फोटोंची निवड आठवड्यात करून द्या, नाहीतर अल्बम पुढच्या लग्नापर्यंत येत नाही. निवडायला नवरा-नवरीला बसवा, सगळ्या घराला नको. सगळं घर बसलं की प्रत्येकजण फक्त स्वतःला शोधतं. मूळ फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा.

राहता राहिलं रुखवत. थर्माकोलचं तुळशीवृंदावन, लोकरीचा संसार, आगपेटीच्या काड्यांची झोपडी. दादा म्हणतो माळ्यावर टाकू. माळ्यावर मागच्या लग्नातलं वृंदावन अजून आहे. कुणाच्या घरी लग्न निघालं असेल आणि रुखवत मांडायचं असेल तर येऊन घेऊन जा, फक्त वहिनीला विचारू नका.