हातात पैसे कमी असताना कोकणात महिन्याचा बाजार कसा भरायचा

कोकणात राहून बाजाराचा खर्च कमी करायचा असेल तर दुकान बदलायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. आमच्याकडे भाव दुकानदार कमी आणि समुद्र, घाट आणि चाकरमानी हे तिघं जास्त ठरवतात. मे महिना, गणपती, शिमगा या तीन वेळेला मुंबईची माणसं उतरली की नारळापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं वर जातं, आणि ते दरवर्षी जातं, तरी दरवर्षी आपण चतुर्थीच्या आदल्या दिवशीच पिशवी घेऊन बाजारात उभे. टिकणारं सगळं, म्हणजे गूळ, रवा, चणाडाळ, न सोललेले नारळ, हे पंधरा-वीस दिवस आधी घरात आणून टाकायचं, मग आदल्या दिवशी फक्त फुलं, केळी आणि पालेभाजी उरते.

सगळ्यात मोठी बचत मात्र आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीच्या खरेदीत. एप्रिल-मेमध्ये जे भरून ठेवाल ते जून-जुलैमध्ये उपयोगी पडतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे त्या दोन महिन्यांत बाजारात येतो तो बहुतेक बर्फातला बाहेरचा मासा आणि भाव विचारून परत फिरावं लागतं. म्हणून सुकं, म्हणजे वाळवलेली मासळी, आधी घ्यायचं, आणि पाऊस तोंडावर आल्यावर नाही, कारण तेव्हा सगळेच धावतात आणि भाव चढलेला असतो. बजेट कमी असेल तर सोड्यांच्या, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीच्या वाटेला जाऊ नका, ते पाहुण्यांसाठी. जवळा म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी, सुके बोंबील आणि खारा बांगडा घ्या. मूठभर जवळा, दोन कांदे आणि चार आमसुलं एवढ्यात चार माणसांचं जेवण निघतं, सोबत भाकरी असली की झालं.

जवळा घेताना मात्र नीट बघा, वजनात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मुठीत घेऊन दाबायचा, मूठ उघडल्यावर सुटा सुटा पडला तर वाळलेला, गोळा होऊन राहिला तर ओला, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देताय आणि तो पावसात आठवड्यात वास मारणार. मग तळहातावर थोडा घासून बघायचा, हाताला वाळू लागली तर एक तर दर पाडून मागा नाहीतर पुढच्या मावशीकडे जा. घरी आणल्यावर चाळून, परत दोन दिवस कडक उन्हात घालून, पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम गरम भरलात तर आतून घाम सुटतो आणि सगळी मेहनत फुकट.

कांद्याचंही तसंच. पावसाळ्यासाठी भरायचा तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मेमध्ये येतो तो, मान बारीक आणि सुकलेली बघून घ्यायचा, जाड ओल्या मानेचा आपल्या हवेत हमखास सडतो. आणि गोणी म्हणून गोणी घेऊ नका, महिना-दीड महिन्यात जेवढा संपतो तेवढाच, कारण इथल्या दमट हवेत सडलेला कांदा काढत बसण्यापेक्षा थोडा महाग घेतलेला परवडतो. डाळी-कडधान्यांना मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या आधी उन्हं दाखवा, रवा भाजून ठेवा. मिरची नवीन आली की घेऊन मालवणी मसाला कुटून आणणं पाकिटापेक्षा स्वस्त पडतं, पण घरात दोनच माणसं असतील तर त्या खटाटोपात पडू नका, बचत गटाच्या बायकांकडून अर्धा किलो घ्या.

आता ताजे मासे. भाव खाणारे पापलेट, सुरमई आणि मोठी कोळंबी सोडून द्या, बांगडा, तारली, मांदेली, ओले बोंबील हे आपले मासे, आणि चवीला तारलीच्या तिखल्यापुढे पापलेट फिकं हे माझं मत, कोणाला पटो न पटो. सुरमई खायचीच असेल तर डोकं विचारा, तुकड्यांच्या मानाने स्वस्तात मिळतं आणि कालवण त्याचंच भारी होतं. वार बघून जा. बुधवार, शुक्रवार, रविवार सगळं गाव मासळी बाजारात असतं. सोमवार, गुरुवार, संकष्टी या दिवशी खाणारे कमी, त्यामुळे मासा आलेला असला तर भावात फरक दिसतो. श्रावणात तर मजाच, बंदी उठलेली, नवा मासा यायला लागलेला आणि निम्मं गाव माळ घातल्यासारखं शाकाहारी, तुम्ही पाळत नसाल तर खाऊन घ्या.

वाटा, म्हणजे विकायला लावलेला माशांचा ढीग, घेताना आधी दर विचारायचा, मग मासे मोजायचे, मग कल्ले उघडून बघायचे. कल्ला लालभडक, डोळा चकचकीत, बोटाने दाबलेलं मांस परत वर आलं तर ताजा. वाट्यात वरती मोठे आणि खाली बारीक लावलेले असतात, ते हलवून बघायला लाजू नका, मावशी ओरडली तर ओरडू दे. "कसो दिलंस गो मावशे" म्हणून सुरुवात करायची, तिचा दर ऐकायचा आणि दर कमी करण्यापेक्षा वर दोन मासे घालायला सांगायचं, पैसे कमी करायला ती तयार नसते पण मासा घालते. दुपारी पाटी रिकामी करून घरी जायच्या घाईत असते तेव्हा तर नक्कीच घालते, फक्त तेव्हा कल्ले दोनदा बघा. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळ राहत असाल तर शेजारचे दोघं-तिघं मिळून पाटीच घ्या आणि घरी वाटून घ्या. साफ करणं घरी, त्याचे वेगळे पैसे का द्यायचे.

मासा नसेल त्या दिवशी लगेच तूरडाळीकडे जाऊ नका. कुळीथ आहेत ना. चार माणसांना चार मोठे चमचे पिठी, लसूण, आमसूल, हिरवी मिरची, वर भात आणि भाजलेला सुका बांगडा. काळ्या वाटाण्याची आमटी, मसूर, चवळी हे फिरवत राहिलात तर तूरडाळ आठवड्यातून दोनदाच लागते. कुळीथ शेतकऱ्याकडून थेट मिळत असतील तर साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवीन निघाले की, वर्षाचे घेऊन टाका, लागतील तसे भाजून गिरणीवर दळून आणा, पिठी एकदम वर्षाची करू नका, जाळी धरते. फणसाच्या आठळ्या मेमध्ये धुऊन सुकवून ठेवा, पावसात कुठल्याही भाजीत पडतात आणि फुकट.

रेशन सोडू नका. काही लोकांना रास्त भाव दुकानात उभं राहायची लाज वाटते, पण यादीत नाव आहे तर धान्य आपलं आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंगठा लावला की मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या आणि किलो तिथेच बघा. ई-केवायसी राहिली असेल तर आधी ती करा. रेशनचा तांदूळ भाताला आवडत नसेल तर आंबोळीला लावा, तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी, भिजवून वाटून रात्रभर ठेवायचं. किंवा दळून आणून घावणे. विकतचा उकडा तांदूळ मग फक्त पेजेला आणि जेवणाला लागतो, महिन्याची गोणी दीड महिना जाते.

वाण्याच्या दुकानात एकच सवय लावून घ्या, पाकिटाची किंमत न बघता किलोचा दर बघायचा. तेलाच्या पिशव्यांचं बघा, सगळ्या एकाच साइझच्या दिसतात पण एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम आणि शेजारी असते ती ७५० ग्रॅमची. समजा ७५० ग्रॅमची १३५ ला आणि लिटरची १५० ला आहे, माणूस पंधरा रुपये वाचले म्हणून छोटी उचलतो, आणि हिशेब केला तर छोटी पडली १८० रुपये किलो आणि मोठी १६५ च्या आसपास. पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर बारीक अक्षरात छापलेला असतो, चष्मा घेऊन जा. डाळ-तांदूळ सुटे घ्या, सुट्या धान्यावर जीएसटी नाही, २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद लेबलवाल्यावर ५ टक्के आहे, जुलै २०२२ पासून. म्हणून तर बाजारात २६ किलोची पोती दिसतात, दोन घरांनी मिळून एक घेतलं तर बरं पडतं. साबण, शॅम्पू, टूथपेस्टवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी ब्रँडला चिकटून राहायची गरज नाही.

भाजी आपल्याकडे बरीचशी घाटावरून उतरते. आंबा घाटात किंवा आंबोलीत दरड आली की दोन दिवसांत टोमॅटो कोथिंबीर डोक्यावर बसतात. त्या दिवसांत टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या रानभाज्या आणि परसातलं अळू खायचं. ओळखता येते तीच रानभाजी तोडा, शंका आली तर विकणाऱ्या बाईकडून जुडी घ्या, शेवळं तर तिला विचारून आणि काकडं ही आंबट रानफळं सोबत घेऊनच, नाहीतर घसा खवखवतो. टोमॅटोची आंबट चव आमसूल भरून काढतं, एप्रिल-मेमध्ये रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात तेव्हा घरची सोलं सुकवलीत तर वर्षभर तो खर्च नाही.

उधारीच्या वहीत लिहून घेत असाल तर त्याच वेळी आपल्या मोबाईलमध्येही लिहा, वाणी ओळखीचा असला तरी. महिनाअखेर भांडण नको. आणि उधारीवर बिस्कीट, फरसाण, कोल्ड्रिंक घ्यायचं नाही, ते रोखीनेच, मग आपोआप कमी होतं.

आठवडा बाजाराला बाईकने जाण्याआधी पेट्रोल मोजा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे मार्च २०२३ पासून, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर फुकट, त्यामुळे आमच्या वाडीत बाजारवारी सगळ्या काक्या मिळून एसटीने जातात, चार घरांच्या याद्या घेऊन, आणि एकदम जास्त माल घेतात म्हणून भावही पाडून आणतात. जाताना कापडी पिशव्या, माशाला झाकणाचा डबा आणि सुटे पैसे घ्या, दहाच्या नोटा जास्त. परतीची गाडी चुकली तर रिक्षात सगळं वाचवलेलं जातं, तेव्हा वेळ आधी विचारून ठेवा.