बोन स्कॅनला जाताय? या चुका टाळा

बोन स्कॅन, म्हणजे हाडांची तपासणी, म्हटलं की सगळ्यांना मशीनचीच धास्ती असते, पण घोळ होतो तो इंजेक्शन आणि स्कॅनच्या मधल्या २ ते ४ तासांत. शिरेतून टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं औषध देतात, ते हाडांत जाऊन बसायला वेळ लागतो आणि जे बसत नाही ते लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणूनच भरपूर पाणी प्या असं सांगतात. आणि लोक नेमकं उलटं करतात, सारखं बाथरूमला कोण जाणार म्हणून पाणीच पीत नाहीत, मग औषध अंगात रेंगाळतं आणि फोटोत हाडं नीट उठून दिसत नाहीत. (किडनी किंवा हार्टसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

स्कॅनला झोपायच्या आधी लघवीला जाऊनच या. ब्लॅडर भरलेलं असलं तर ते इतकं ठळक दिसतं की कमरेखालची हाडं त्यामागे झाकली जातात. कपड्यावर लघवीचे थेंब पडले तर तेही हाडातल्या डागासारखे दिसू शकतात, लाजू नका, टेक्निशियनला सरळ सांगा, कपडे बदलून तेवढा फोटो परत घेता येतो.

उपाशी जायची सहसा गरज नसते. वयस्कर माणसं उगाच सकाळपासून पोटात काही न घेता बसलेली दिसली की फार वाईट वाटतं.

गॅमा कॅमेरा, म्हणजे स्कॅनचं मशीन, स्वतः रेडिएशन सोडत नाही, तुमच्या अंगातून येणारे किरण फक्त टिपतो, सोबत सीटी केला तर त्याचे एक्स-रे तेवढे असतात. अर्धा-एक तास न हलता पडून राहायचं असतं, त्यामुळे पाठ दुखत असेल तर गोळी घेऊन येऊ का हे आधीच विचारा, कॅमेरा चेहऱ्याच्या बराच जवळ येतो त्याची भीती वाटत असेल तर तेही सांगा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुन्या गोष्टी न सांगणं. पूर्वीचं फ्रॅक्चर, मध्यंतरी पडला असाल, संधिवात, दाताचं काम, सांध्याचं ऑपरेशन, हे सगळं स्कॅनमधे चमकू शकतं, आणि डॉक्टरांना माहीतच नसेल तर नको ती शंका मागे लागते. चमकलं म्हणजे कॅन्सर असं नसतं हो! प्रेग्नन्सीची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर मात्र इंजेक्शनच्या आधीच सांगा, नंतर नाही.

घरी आल्यावरही पाणी चालू ठेवा, फ्लश दोनदा करा, हात नीट धुवा. औषधाचा किरणोत्सर्ग दर ६ तासांनी निम्मा होतो, त्यामुळे तान्ह्या बाळाला तेवढा एक दिवस फार वेळ कुशीत घेऊ नका.